मालकासमक्ष

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं सहा पानी पत्र पोचलं. पाच पानं शिव्या आणि एक पान प्रश्न, असं त्याचं प्रमाण आहे. शिव्या जरा वृत्तात बसवल्या असत्यास तर वर्गात पाठांतराला दिल्या असत्या. धातुरूपांपेक्षा पोरांनी त्या लवकर आत्मसात केल्या असत्या. फोनवर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला भांडतो, म्हणून पत्रं लिहा, ही तुझ्या वहिनीची युक्ती. तू कागदावर पहिल्या ओळीलाच सुरू होतेस, याची तिला कल्पना नव्हती.

आता प्रश्न. जुन्या गाड्यांचा तो व्यापारी, ज्याला तू गॉगल म्हणतेस कारण तो गाडीचा रंगसुद्धा काळ्या चष्म्यातून पारखतो, तो म्हणतोय की माझ्या सगळ्या गाड्या तूच चमकव. रोज पाच-सहा, बारा महिने. अट ही की तू आपली शेड सोडायची, त्याच्या यार्डात मागच्या अंगाला येऊन काम करायचं आणि किरकोळ गिऱ्हाइकं बंद. तुझा शेडवाला एप्रिलअखेर हो की नाही विचारणार आहे. आणि तू मला विचारतेस, दादा, घाऊक धरू की किरकोळ.

घाऊक धर. एवढं लिहून मी पत्र संपवू शकतो, पण तू म्हणशील शिक्षक असून कारण देत नाही.

गेली चौदा वर्षं मी तुझ्या किरकोळ गिऱ्हाइकांबद्दल वाचतो आहे. त्या पांढऱ्या हातमोजेवाल्या बाई, ज्यांनी आरशाच्या मागची धूळ बोटावर घेऊन तुझ्या नाकासमोर धरली. ते स्टुलावरचे निवृत्त गृहस्थ, जे सकाळी गाडीबरोबर येतात आणि गाडी होईपर्यंत तुझ्या पॉलिशच्या मशीनवाल्याला त्याचं काम समजावून सांगतात. आणि त्यांच्यासाठी तुझी ती प्रदक्षिणा! हात लावायच्या आधी मालकाला घेऊन उन्हात गाडीभोवती फिरायचं, एकेक ओरखडा मोठ्याने म्हणून दाखवायचा, वहीत लिहायचा, मालकाची सही घ्यायची. अर्धा तास मोडतो. देवळातसुद्धा लोक इतक्या सावकाश फिरत नाहीत. बारीक खोड काढण्यात तू माझ्या गुरुजींच्या वरताण आहेस, आणि त्यांना निदान पेन्शन होती.

तुझा उजवा खांदा वर जात नाही हे तू मला लिहिलं नाहीस. तुझ्या शेडवर सीटची कव्हरं शिवणाऱ्या बाईने फोनवर वहिनीला सांगितलं. केस विंचरायला हात पोचत नाही म्हणे. मला राग याचा आला आहे. लोकांच्या बॉनेटवर स्वतःचं तोंड दिसावं म्हणून तू खांदा घासून संपवणार असशील तर मला तुझ्या कलेचं कौतुक नाही. घाऊक घे, चार माणसं ठेव, स्वतः खुर्चीत बस आणि दुसऱ्यांच्या चुका काढ. त्यासाठीच तुझा जन्म आहे.

लोभ आहेच, तो वाढेल इतपत लवकर उत्तर दे.

तुझा
दादा


दि. २९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं ऐकलं. पंधरा दिवस झाले, गॉगलच्या यार्डात काम करतेय. महिनाभर करून बघते म्हणाले, शेड अजून हातात ठेवली आहे. आता माझा राग वाच, आणि या वेळी वृत्तात बसवायची वाट बघू नकोस.

एका गाडीला पाऊण तास. पाऊण तासात मी पूर्वी एक दार करायचे. गॉगल खुर्चीत बसून घड्याळ बघतो. ओरखडा घासून काढायला वेळ जातो, म्हणून त्याने ग्लेझचे डबे आणून ठेवलेत. ग्लेझ म्हणजे ओरखड्यांत भरायचं मेणचट मलम. भरलं की गाडी आरशासारखी दिसते आणि तीन-चार धुण्यांत सगळे ओरखडे जिथल्या तिथे परत. मी म्हटलं, हे निघून जाणार. तो म्हणाला की ताई, तोवर गाडीसुद्धा निघून गेलेली असते. आणि हसला. मशीनवालाही हसला. त्याचा मला गॉगलपेक्षा जास्त राग आला.

तू माझ्या प्रदक्षिणेला हसतोस. इथे फिरायचं कुणाबरोबर? गाडीला मालकच नसतो. आधीचा गेलेला, पुढचा आलेला नाही. मधल्या दिवसांत ती कुणाचीच नसते, आणि ज्या वस्तूचं कुणी नाही तिचे लोक काय हाल करतात हे मी रोज बघतेय. मी सवयीने एकटीच फिरते, वहीत लिहिते. आमच्या शेडवर मी रंगाचा थर यंत्राने मोजून ते आकडे दाराच्या रबराखाली पेन्सिलीने लिहायचे, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून. तेही इथे करते. पहिल्या दिवशी मी वहीतला कागद फाडून गाडीच्या कप्प्यात ठेवला, मालकाला मिळेल म्हणून. गॉगलने तो काढून चुरगळला आणि माझ्या बादलीत टाकला. माझ्या बादलीत, दादा! गढूळ पाण्यात माझंच अक्षर विरघळताना बघत उभी राहिले.

परवा एक वांगी रंगाची गाडी आली. आतला गालिचा उचलला तर खाली सीटच्या बोल्टांपर्यंत गाळाची रेघ. पाण्यात उभी राहिलेली गाडी. वायरींच्या सांध्यांवर हिरवट बुरा. मी गॉगलला बोलावून दाखवलं. तो म्हणाला की तुम्ही मेकॅनिक आहात का. नाही म्हटलं. मग स्वच्छ करा, म्हणाला. मी रेघ पुसली. वाफ मारली, वास घालवला, लिंबाचा फवारा मारला. आठवून अजून हात धुवावेसे वाटतात.

तू आता लिहिशील की तुला सगळ्यातच खोट दिसते. लिही. पण खांदा खरंच बरा आहे, मशीन दुसरे धरतात. सकाळी केस स्वतः विंचरले. म्हणजे तुझं म्हणणं अर्धं खरं झालं, आणि त्याचाच मला वैताग आलाय.

वहिनीला न. सांग. तिचं नकाशांचं काम कसं चाललंय? लोभ कमी करू नये, एवढंच मागणं.

तुझी
धाकटी


दि. ९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. केस विंचरल्याची वार्ता वहिनीला वाचून दाखवली. बाकीची वार्ता माझ्यापाशी ठेवली, कारण ती जेवत होती. गॉगलवर तू रागावलीस ते योग्य आहे. पण तुझ्या रागाचं एक आहे, तो नेहमी पूर्ण भरलेल्या घागरीसारखा येतो, त्यात किती पाणी आणि किती हेलकावा हे कळत नाही. महिनाभर थांब. खुर्चीची सवय व्हायला वेळ लागतो.

आता माझ्याकडची वार्ता, आणि ही तुला चकित करायला राखून ठेवली होती. आम्ही गाडी घेतली! वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बसच्या दांडीला लोंबकळून झाल्यावर. तुझ्या वहिनीची कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला हलली. दोन बस आणि पाऊण तास पायी. गाडी तीच चालवते. मी शेजारी बसून ब्रेक दाबतो. माझ्या बाजूला ब्रेक नाही ही गोष्ट मला अजून मान्य नाही.

आणि कुठून घेतली विचार. तुझ्या गॉगलची आमच्या गावात शाखा आहे. रस्त्याच्या वळणावर, मोठी काच. इतर दोन-तीन दुकानं पाहिली होती, पण म्हटलं, जिथल्या गाड्या आपल्या बहिणीच्या हाताखालून जातात तिथे आणखी काय तपासायचं? दुसऱ्या दुकानात मेकॅनिक घेऊन गेलो होतो, इथे नेला नाही. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू इथे येऊन गाडीभोवती अर्धा तास फिरली असतीस, चाळीस दोष काढले असतेस आणि आम्ही आणखी एक वर्ष बसने गेलो असतो.

रंग, विक्रेत्याच्या भाषेत, रॉयल प्लम. मला तो संध्याकाळच्या ढगासारखा वाटतो. बॉनेटवर वाकून पाहिलं तर प्रत्येक पांढरा केस मोजता येतो. माझे बरेच निघाले. आत लिंबाचा सुवास. वहिनी म्हणाली की हे धाकटीचंच काम असणार, दुसऱ्या कुणाला एवढा नेटकेपणा जमायचा नाही. तुझा विषय निघाला आणि मी तुझ्या बाजूने बोललो, असे प्रसंग विरळा. जपून ठेव.

सुट्टी लागली की गाडी घेऊन तुझ्याकडेच येतो. लोभ तुझा आमच्यावर, आमचा गाडीवर.

तुझा
दादा


दि. २० एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात झाला नाही. सवयीने निम्मा लिहिला आणि खोडला.

शनिवारी सकाळी वहिनी पुलाच्या चढावर होती. एकाएकी इंजिन, दिवे, हॉर्न, सगळं एका क्षणात बंद. स्टिअरिंग दगडासारखं झालं. गाडी मागे घसरली, कठड्यावर आदळली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे. त्यात पट्टी घालून स्क्रू बसवले. ज्या हाताने ती अठ्ठावीस वर्षं रेघा ओढते तो हात. बोटं पूर्ववत हलतील की नाही हे डॉक्टर आज सांगत नाहीत. मागे उभी असलेली रिकामी रिक्षा मध्ये सापडली. तिचा रिक्षावाला उतरून पानाच्या ठेल्यावर गेला होता, म्हणून हा विषय मनगटावर थांबला.

तुझा फोन रविवारी आला. तू माझं पत्र उशिरा उघडलंस आणि घाबरून केलास, हे मला आता कळतं. मी फक्त रुग्णालयाचं नाव सांगून ठेवला. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते सोमवारी.

मेकॅनिकने गालिचा उचलला. बोल्टांच्या खाली, जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथे वाळलेला गाळ होता. तो म्हणाला की साहेब, ही गाडी पाण्यात होती, वायरी आतून कुजल्यात, आणि ज्याने हे साफ केलंय त्याने फार मेहनत घेतलीय. मग डाव्या मागच्या दाराचं रबर सोललं तर खाली पेन्सिलीचे आकडे. १०४, ९८, ९१, ९९. त्याला कळेना ते काय आहे. मला कळलं. नऊचं शेपूट वर वळवून शेजारच्या आकड्याला चिकटवायची तुझी खोड मी पाटीवर पाच वर्षं मोडत होतो.

तू पाहिलं होतंस. हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. न पाहता राहून गेलं असतं तर मी म्हटलं असतं, माणूस आहे. तुझ्या नजरेतून तर काही सुटत नाही. आरशामागची धूळ सुटत नाही. तू गाडीभोवती फिरलीस, आत वाकलीस, रेघ पाहिलीस, आणि मग त्या रेघेवर फडकं फिरवलंस. चौदा वर्षं जी विद्या दोष दाखवायला वापरलीस तीच दोष झाकायला वापरलीस, आणि किती उत्तम वापरलीस! आम्ही दोघं त्या कामाचं कौतुक करत घरी आलो.

मला विनोद सुचत नाही. यापुढचं पत्र तुला सुचेल तेव्हा लिही. लोभाचं नंतर पाहू.

दादा


दि. २५ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. तू आशीर्वाद खोडलास तरी मी नमस्कार लिहिणार.

तुझ्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणून मी ते भिंतीवर फेकलं आणि मग उचलून परत वाचलं.

आता माझं ऐक, कारण मी नुसती मान खाली घालून बसणार नाही. मी तुला लिहिलं होतं. एकोणतीस मार्चच्या पत्रात, सरळ मराठीत: वांगी रंग, गाळाची रेघ, हिरवट बुरा, लिंबाचा फवारा. तू ते वाचलंस आणि मला घागरीचा दाखला दिलास. आणि त्याच आठवड्यात त्याच माणसाच्या दुकानात, मेकॅनिक घरी ठेवून, लिंबाचा वास घेत गाडीत बसलास! दुसऱ्या कुणाची चेष्टा करायला तुझ्याएवढं बारीक वाचणारा माणूस नाही, आणि माझं पत्र तू सहा पानं आली म्हणून चाळतोस. घाऊक धर, हेही तूच लिहिलंस. मी खुर्चीत बसावं म्हणून. मी खुर्चीत बसले नाही दादा, मी गुडघ्यावर बसून तुझ्याच बायकोच्या पायाखालचा गाळ पुसत होते.

हे सगळं लिहून झालं. यातलं काहीही लिहून तिचं मनगट जुळत नाही, तेही मला कळतं. माझ्या हातातलं फडकं तू दिलं नव्हतंस.

आणखी एक आहे. ते लिहायला तीन दिवस लागले. मी तुला एकच गाडी लिहिली होती. चार होत्या. एका ट्रकमधून आल्या, एकाच पुरातल्या. वांगी रंगाची पहिली. तिच्या वेळी मी गॉगलला बोलावलं, भांडले. दुसरीच्या वेळी बोलावलं नाही. तिसरी करताना रेघ कशाने लवकर निघते हे मला माहीत झालं होतं. चौथीला वीस मिनिटं लागली आणि मशीनवाल्याने माझं कौतुक केलं. मला बरं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला राग येण्यासारखं काही उरलं असेल तर ते हे आहे.

परवा मी गॉगलकडे गेले. वहिनीचं सांगितलं. त्याने चष्मा काढला, पहिल्यांदाच त्याचे डोळे बघितले, साधे थकलेले डोळे आहेत. म्हणाला की वाईट झालं, पण ताई, कागदावर जशी आहे तशी घेतली असं तुमच्या भावाने सही करून दिलंय. मग म्हणाला, आणि साफ तुम्ही केलीय, मी कुठे केली. मी माझ्या बादल्या, ब्रश, यंत्रं टेम्पोत घातली. माझं ओरडणं रस्त्यावर ऐकू जात होतं. त्याने पंखा मोठा केला. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी माणसं कामाला होती, मशीनवाला त्यांच्यात होता.

वहिनीला भेटायला यायचंय. तू येऊ नको म्हणालास तर येणार नाही, पण तसं लिही, गप्प बसू नकोस. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

धाकटी


दि. २७ एप्रिल

चि. वन्संना,
अ. आ.

डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं, आणि पत्र छोटं. तुमच्या भावाला मी लिहू दिलं नाही. तो दिवसभर घरात येरझारा घालतो आणि तुमच्यावर, स्वतःवर, रिक्षावाल्यावर पाळीपाळीने चिडतो. तुम्ही भावंडं एकमेकांचे दोष मोजत बसाल आणि त्यात वर्ष जाईल.

मी चिडलेली आहे. मला चमचा धरता येत नाही. ऑफिसने माझं टेबल दुसऱ्याला दिलं, तात्पुरतं म्हणाले. माफी मागायला येऊ नका, मला आत्ता ती ऐकवणार नाही.

काल तो व्यापारी घरी आला होता. गाडी परत घेतो, पूर्ण पैसे देतो, बाहेर बोलायचं नाही, म्हणाला. तुमचा दादा हो म्हणणार होता. मी विचारलं, गाडी मग कुठे जाणार. तो म्हणाला की ते तुमचं काम नाही. मी सांगितलं, मग गाडी इथेच राहील. ती दारात उभी आहे, मागचं सगळं चेपलेलं. येणाराजाणारा विचारतो. मी दुकानाच्या नावासकट सांगते.

उरलेल्या तिघांचं काय? ते आज त्याच गाड्यांतून कामाला गेले असतील. तुम्हाला गाड्यांचे नंबर माहीत आहेत, मला नाहीत. आधी त्यांच्याकडे जा. सगळ्यांकडे. मग मला लिहा.

वहिनी


दि. ६ मे

ती. सौ. वहिनींना,
सा. न.

गेले. जसं झालं तसं लिहिते.

नंबर माझ्या वहीत होते. पत्ते यार्डाच्या खिडकीतल्या बाईने दिले. मी मागितले तेव्हा तिने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि पाणी प्यायला उठून गेली. बराच वेळ पाणी पीत होती.

पहिली गाडी एका नर्सची. रुग्णालयाच्या आवारात भेटली, ड्यूटी संपवून निघत होती. मी कोण, काय केलं, ते सांगितलं. तिला आधी वाटलं मी काहीतरी विकायला आलेय. मग मी तिला घेऊन भर उन्हात गाडीभोवती फिरले, पुढून मागे, आत वाकून, एकेक गोष्ट दाखवत. रेघ कुठे होती, मी ती कशाने पुसली, वायरी कुठे बघायच्या. ओरखडे कुठे कुठे ग्लेझने भरलेत तेही सांगितलं, एका ठिकाणी ओल्या फडक्याने पुसून दाखवलं. ती ऐकत होती. शेवटी कागदावर सही केली आणि विचारलं की ताई, तुम्हाला किती मिळाले याचे. मी सांगितलं. ती म्हणाली, एवढेच? आणि गाडी तिथेच ठेवून बस स्टॉपकडे चालत गेली.

दुसऱ्याने दार उघडलं, ऐकलं, दार लावलं. मी जिन्यावर उभी राहिले. पुन्हा उघडलं तेव्हा त्याच्या हातात फोन होता. गाडीचे, माझ्या वहीचे, माझे फोटो काढले. मोठमोठ्याने बोलत होता, त्याची दोन लहान मुलं रोज त्या गाडीतून शाळेला जातात. पोलिसात देणार म्हणाला, दुकानाबरोबर माझंही नाव घालणार. मी माझं पूर्ण नाव, पत्ता आणि त्या चारही गाड्यांची पानं त्याला लिहून दिली. गॉगलकडून मिळालेल्या पैशांच्या पावत्याही दिल्या. तो थोडा गोंधळला. मी भांडेन असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं.

तिसरीकडे जमलं नाही. गाडी एका म्हाताऱ्यांनी मुलीसाठी घेतलेली, मुलगी ती घेऊन नोकरीच्या गावी गेली. मी सांगायला लागले तसे ते संतापले. तुम्हाला त्या दुकानदाराशी काहीतरी जुनं भांडण काढायचंय, म्हणाले. मुलीचा फोन नंबर देईनात. तीन दिवस रोज गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फाटक उघडलंच नाही. मी कागद पत्रपेटीत टाकला. नंबरवरून मुलीचं ठिकाण शोधायला त्या दुसऱ्या गृहस्थांनी मदत करतो म्हटलंय, पण आज या क्षणी ती मुलगी ती गाडी चालवतेय. तुम्ही सगळ्यांकडे जा म्हणाला होतात. तिघांपैकी दोघांकडेच झालं.

शेड ठेवली. तीस तारखेला शेडवाल्याला हो सांगितलं. काम कमी आहे. गॉगलच्या माणसांनी गावात पसरवलंय की मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांची बदनामी करते, त्यामुळे दोन जुनी माणसं तुटली. हातमोजेवाल्या बाई मात्र आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ऐकवणार. त्या म्हणाल्या की यापुढे मी आणखी बारीक बघणार आहे, तयार राहा. मी म्हटलं, बघा. दारावर पाटी लावली आहे: मालक समोर असल्याशिवाय गाडीला हात लावला जाणार नाही. मशीन मीच धरते. खांदा दुखतो. दादाला सांगू नका, किंवा सांगा, तसाही तो चिडलेलाच आहे.

माझा राग अजून उतरलेला नाही, वहिनी. गॉगलवर आहे, त्या मशीनवाल्यावर आहे, आणि दादाने माझं पत्र नीट वाचलं नाही त्यावरही आहे, ते मी लपवत नाही. पण चौथ्या गाडीनंतर मला बरं वाटलं होतं, तिथे येऊन तो प्रत्येक वेळी थांबतो आणि मागे वळतो.

उद्या सकाळच्या बसने निघते. पोचायला दुपार होईल, ऊन असेल. तुमची गाडी दारात आहे म्हणालात. तिच्याभोवतीही मला एकदा फिरायचंय, मालकासमक्ष, सगळं मोठ्याने म्हणून. सही डाव्या हाताची चालेल. ते झाल्यावर मला घरात घ्यायचं की तिथूनच परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवा. पाठवलंत तरी येत राहीन.

लोभ ठेवायचा की नाही तोही तुमच्याच हाती.

आपली
धाकटी वन्सं